कौल पाळणं वेगळं, तो राबवणं वेगळं

२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न छापला होता: युनायटेड किंग्डमने युरोपीय संघात राहावं, की बाहेर पडावं? खाली दोन चौकटी. जकात संघाचं (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात) काय, एकल बाजारपेठेचं (माल, सेवा, भांडवल आणि माणसांचा मुक्त वावर) काय, आयर्लंड आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड यांच्या सीमेवर नाके बसणार का, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नव्हतं. ५१.९ टक्के मतं 'बाहेर'च्या चौकटीत पडली, ४८.१ टक्के 'राहावं'च्या. त्यानंतर साडेतीन वर्षं खासदारांनी एकमेकांना गद्दार, हटवादी, लोकशाहीचे मारेकरी ठरवलं. त्या भांडणाचा मोठा भाग दोन वेगळ्या कर्तव्यांची सरमिसळ झाल्यामुळे पेटला, असं मला ठामपणे वाटतं. लोकांनी दिलेला कौल पाळणं हे एक कर्तव्य. तो कोणत्या रूपात राबवायचा हे ठरवणं हे दुसरं.

पहिलं कर्तव्य कायद्यातून येतं की नैतिकतेतून, हे त्या त्या सार्वमताच्या कायद्यावर अवलंबून असतं. ब्रिटनमध्येच २०११ साली मतदान पद्धतीवर सार्वमत झालं, तेव्हा 'हो' आलं तर मंत्र्याने काय करायचं हे कायद्यात आधीच लिहून ठेवलं होतं. २०१६ च्या सार्वमतासाठी केलेल्या २०१५ च्या कायद्यात मात्र निकालानंतरचं काहीच नव्हतं. म्हणून जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की युरोपीय संघाला बाहेर पडण्याची औपचारिक सूचना द्यायची तर सरकारला संसदेचा कायदा लागेल. न्यायालयाने कौल नाकारला नव्हता. तो अंमलात आणण्याचा अधिकार कुणाचा, एवढंच ठरवलं होतं.

मग मताधिक्य निसटतं असेल तर हे कर्तव्य सैल होतं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. निसटत्या बहुमताला कमी वजन द्यायचं असेल, तर ती अट मतदानाआधी घालावी लागते. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट होती. झालेल्या मतदानात ५१.६ टक्के 'हो' आलं, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते ३२.९ टक्केच भरलं आणि विधानसभा बारगळली. पुष्कळांना ते जिव्हारी लागलं, तरी नियम आधीपासून सगळ्यांसमोर होता. २०१६ मध्ये अशी कोणतीही अट नव्हती. निकाल लागल्यावर ती मनातल्या मनात घालून घेणं म्हणजे खेळ संपल्यावर नियम बदलणं.

दुसऱ्या कर्तव्याचं मात्र नेमकं उलट आहे. तिथे मताधिक्याला पूर्ण अर्थ आहे. 'बाहेर पडा' या दोन शब्दांत बसणारे मार्ग अनेक होते. नॉर्वे संघाबाहेर आहे, पण एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान बाहेर आहे, पण त्याचा संघाशी जकात करार आहे. कोणता मार्ग धरायचा हे मतपत्रिकेने सांगितलेलं नसताना, देशाचा जवळजवळ अर्धा भाग विरोधात आहे ही वस्तुस्थिती खासदारांनी मोजायलाच हवी होती. जानेवारी २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकल बाजारपेठ आणि जकात संघ दोन्ही सोडण्याची दिशा जाहीर केली. तो त्यांच्या सरकारचा निर्णय होता. पण तो लोकांचाच हुकूम असल्यासारखा मांडला गेला, आणि वाटाघाटीची जागा तिथेच आक्रसली.

केन क्लार्क यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. १ फेब्रुवारी २०१७ रोजी बाहेर पडण्याची सूचना देणारं विधेयक ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे गेलं, तेव्हा विरोधात मत देणारे ते सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे एकमेव खासदार होते. पहिलं कर्तव्यच त्यांना मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण बहुसंख्य सभागृहाने बाहेर पडायचं ठरवल्यावर, १ एप्रिल २०१९ च्या रात्री जकात संघात राहण्याचा तडजोडीचा प्रस्ताव मांडणारेही तेच होते. तो २७३ विरुद्ध २७६ असा पडला. फक्त तीन मतं! कडवे ब्रेक्झिटवाले विरोधात होते. दुसऱ्या सार्वमताची आस धरलेल्या काहींनीही साथ दिली नाही. त्याच रात्री निक बोल्स यांचा एकल बाजारपेठेचा प्रस्तावही कोसळला. आपला पक्ष तडजोडच करत नाही, असं सांगून त्यांनी भर सभागृहात हुजूर पक्ष सोडला आणि ते बाहेर पडले. हे दृश्य मला त्या सगळ्या काळातलं सर्वांत दुःखद वाटतं, कारण ते दुसरं कर्तव्य पार पाडू पाहत होते.

आयर्लंडमध्ये हा प्रश्न इतका चिघळला नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये घटस्फोटाची तरतूद जेमतेम ५०.२८ टक्क्यांनी, ९,११४ मतांच्या फरकाने मंजूर झाली. पण लोकांनी मत दिलं होतं ते घटनादुरुस्तीच्या मसुद्यावर. पती-पत्नी गेल्या पाचपैकी किमान चार वर्षं वेगळे राहिलेले असावेत, ही अटसुद्धा त्यातच होती. 'काय' आणि 'कसं' एकाच कागदावर असल्याने खासदारांना वेगळा अर्थ लावायला फार वाव उरला नाही.

स्वित्झर्लंडची चूक ब्रिटनच्या उलट दिशेची. फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्के मतदारांनी स्थलांतरावर वार्षिक मर्यादा आणि कोटे घालणारं कलम राज्यघटनेत आणलं. फरक वीस हजार मतांहून कमी होता. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने जो कायदा केला त्यात कोटेच नव्हते. जास्त बेरोजगारी असलेल्या व्यवसायांतल्या रिकाम्या जागा आधी रोजगार केंद्रांना कळवाव्यात, एवढीच सक्ती होती. युरोपीय संघाशी झालेला मुक्त संचाराचा करार मोडू नये, ही संसदेची चिंता खरी होती. २०२० मध्ये तो करार संपवू पाहणारा प्रस्ताव ६१.७ टक्के मतदारांनी फेटाळला, म्हणजे ती चिंता लोकांनाही होतीच. तरीही कोटे हा शब्द घटनेत स्पष्ट लिहिलेला असताना ते वगळणं म्हणजे दुसऱ्या कर्तव्याच्या आडून पहिलं टाळणं, असं मी म्हणेन. तो करार राखायचा की मोडायचा, हा प्रश्न लोकांपुढे २०१६ च्या कायद्याआधीच न्यायला हवा होता.

ब्रिटनचा मार्ग अखेर डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने ठरला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या आणि जकात संघ, एकल बाजारपेठ दोन्ही सोडणारा करार पुढे गेला. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी 'राहावं' म्हटलं होतं. आयर्लंडच्या सीमेवर नाके नकोत म्हणून मालाची तपासणी अखेर त्याच्या आणि उरलेल्या ब्रिटनच्या मधल्या समुद्रात आली, आणि ती सौम्य करण्यासाठी २०२३ मध्ये पुन्हा नवा करार करावा लागला.