विनोदी म्हणून नेली, पण हसू येईना

नाशिकला वाचनालयाची सवय जुनी. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', १८४० सालचं. तरी विनोदी कादंबरी म्हटली की इथला वाचक आजही दोन तट करतो. एकाला ती पोट धरून हसवते, दुसरा चार दिवसांत परत करून "यात विनोदी काय होतं?" असं विचारतो.

याचं मूळ आपल्या विनोदाच्या घडणीत आहे. मराठी विनोद वाढला तो सुट्या लेखांतून. कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' काय, गडकऱ्यांचा बाळकराम काय, एका बैठकीत संपणारा मजकूर. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊसुद्धा एकेका फजितीपुरते भेटतात. १९४२ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आचार्य अत्रे होते. तेव्हा विनोदी लेखकाला मान नव्हता असं म्हणता येणार नाही. पण अत्र्यांचा विनोद विडंबनात, नाटकात आणि मुख्य म्हणजे व्यासपीठावर. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपात आली आणि पुढे पुलंनी ती स्वतः रंगमंचावर उभी केली. नाशिककर कानेटकरांचं 'प्रेमा तुझा रंग कसा?' हेही नाटकच. हशा नाट्यगृहात, शेजाऱ्याबरोबर, वाक्य संपताक्षणी यायचा, ही सवय कानाला पक्की लागली.

मग १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' ही कादंबरी आली. पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं होस्टेल, मेसचे घोळ, उधाऱ्या, हसायला भरपूर. पण त्याच आवाजात धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो आणि हसायला बसलेला माणूस अडकतो. कुणाच्या मते कादंबरी इथे बिघडते, कुणाच्या मते इथूनच सुरू होते. वाचनालयाच्या एका जीर्ण प्रतीत समासात पेन्सिलीने 'कंटाळवाणे' लिहिलेलं पाहिलंय. खाली वेगळ्या अक्षरात 'तुम्हाला'.

श्याम मनोहरांनी तर हशाची जागा दाखवायचंच सोडून दिलं. तुटक, कोरडी वाक्यं; पात्रं अतिशय गंभीरपणे क्षुल्लक गोष्टींवर बोलतात. 'उत्सुकतेने मी झोपलो'ला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी ती अर्ध्यात ठेवणारे भेटतातच. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पुलंच्या शेजारी ठेवून 'हीपण विनोदी आहे, न्या' असं सांगितलं, तर दुसरं काय होणार?