अजिंठ्याच्या भिंतीवरची लाख

लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे चपड्याची पुडी असते. नारिंगी-तपकिरी रंगाच्या, नखासारख्या पातळ कपच्या रात्री स्पिरिटमध्ये भिजत घातल्या की सकाळी त्यांचे मधासारखे द्रावण तयार होते, आणि कापडाच्या बोळ्याने ते लाकडावर फिरवले की रेषा न् रेषा उजळून निघते. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका इवल्याशा किड्याचा तो स्राव. हाच चपडा अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांवरही लावला गेला, आणि गेल्या शतकातील तिथल्या जतनकार्याचा मोठा भाग तो उतरवण्यात खर्च झाला आहे.

अजिंठ्याहून परतलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘रंग उडून गेलेत हो सगळे.’ वाक्य हळहळीचे असले तरी रसायनशास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही. अजिंठ्याचे रंग फारसे उडालेले नाहीत. चित्राचा काही भाग भिंतीवरून गळून पडला आहे, काही भाग झाकला गेला आहे. आणि झाकले जाणे व उडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण उडालेला रंग परत आणता येत नाही, झाकलेला मात्र उघडता येतो.

हे समजण्यासाठी आधी भिंत समजली पाहिजे. लेणी कोरली आहेत दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकात, आणि छिन्नीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या त्या कातळावर चिकणमाती, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा चढवला आहे. त्यावर अधिक बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. मद्रासच्या शासकीय संग्रहालयातील रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात या थरांचे सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक कसोट्यांनी परीक्षण केले, तेव्हा ही चित्रे युरोपीय अर्थाने ‘फ्रेस्को’ नाहीत हे स्पष्ट झाले. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यावर लावतात आणि चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून रंगाचे कण आपल्या स्फटिकांत कायमचे जखडून ठेवतो. अजिंठ्यात रंग कोरड्या पृष्ठावर, डिंक किंवा सरसासारख्या सेंद्रिय बंधकाच्या आधाराने लावला आहे. म्हणजे रंगाला धरून ठेवणारा हात इथे नाजूक आहे. पाण्याचा बोळा फिरवला तर बंधक सैल होऊन रंग सुटण्याची भीती असते.

गिलाव्यातले तूस आणि तंतू कसरींना खाद्य पुरवतात, आणि अजिंठ्याच्या चित्रांचे बरेच नुकसान या कीटकांनी केले आहे. (वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. पुरातत्त्व सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग (‘मॅनेजर’ हा त्यांच्या नावाचाच भाग) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतितज्ज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी हे २०१६ साली प्रसिद्ध केले, आणि तिथला गिलावा कीटकांपासून अधिक सुरक्षित राहण्याचे श्रेय त्यांनी या तंतूंना दिले.)

रंगांचे द्रव्य मात्र दणकट आहे. लाल म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवडी. दोन्ही लोहाची संयुगे, आणि लोहाचा ऑक्साइड दोन हजार वर्षांच्या उजेडाने फिका पडत नाही. काळा म्हणजे काजळी, अर्थात कार्बन. हिरवा बसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या सेलाडोनाइटसारख्या हिरव्या मातीचा. निळा मात्र दूरचा पाहुणा आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेल्या लेण्यांत लाजवर्दाची, म्हणजे लॅपिस लाझुलीची, निळाई दिसते, आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेला मानला जातो. लाजवर्दाच्या स्फटिकात सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचा एक पिंजरा असतो व त्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट अडकलेले असतात. निळा रंग या गटांचा. आम्लाने पिंजरा मोडला तर निळाई जाते, नुसत्या उजेडाने ती जात नाही.

मग चित्रे तपकिरी का दिसतात? २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लेणे क्रमांक १० मध्ये आपले नाव कोरून ठेवले, आणि तेव्हापासून बाहेरच्या जगाची इथे ये-जा सुरू झाली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही अनेक नकलांच्या वाट्याला लंडनची आग आली. नकलेसाठी रंग स्पष्ट दिसावेत म्हणून या काळात भिंतींवर वॉर्निश फिरवले गेले. सुक्या रंगावर वॉर्निश लागताच कणांमधल्या हवेची जागा ते घेते, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग एकदम गडद, ओला, ताजा भासतो. हा मोह कोणालाही पडावा असाच आहे.

१९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओरसिनी या तज्ज्ञांना बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी कातळाला पुन्हा चिकटवला. ते काम झाले नसते तर आज पाहतो त्यातली काही चित्रे उरली नसती, आणि त्यांना दोष देताना ही गोष्ट विसरू नये असे मला वाटते. पण रंग पक्का करण्यासाठी त्यांनी अल्कोहोलात विरघळवलेला चपडा वापरला. तेव्हाच्या ज्ञानानुसार निवड वावगी नव्हती. चपडा स्वस्त होता, पातळ बसत होता, आणि पुन्हा अल्कोहोलानेच निघेल असा भरवसा होता.

तो भरवसा काळाने खोटा ठरवला. लाखेत अ‍ॅल्युरिटिक आम्लासारखे रेणू असतात, ज्यांच्या एका टोकाला आम्लगट असतो आणि अंगावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. एका रेणूचा आम्लगट शेजारच्या रेणूच्या हायड्रॉक्सिल गटाशी जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ताज्या चपड्यात अशा साखळ्या लहान असतात, म्हणून अल्कोहोल त्यांना सहज सुटे करते. वर्षे जातात तशा साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जाऊन जाळे विणले जाते, आणि जाळे विरघळत नाही, फार तर फुगते. जुना चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, हे पॉलिशवाल्यांना अनुभवाने माहीत असते. भिंतीवर नेमके तेच घडले. शिवाय हा थर आकसतो आणि आकसताना खालच्या नाजूक रंगाला आपल्याबरोबर ओढून त्याचे पापुद्रे वर उचलतो. पावसाळ्यात ओल पिऊन फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात ती सोडणाऱ्या मातीच्या गिलाव्याला श्वास घ्यायलाही त्यामुळे अडथळा होतो. त्यावर धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण बसली, की चित्राचा चेहरा हरवतो.

हा थर कुठे आहे आणि किती जाड आहे, हे साध्या उजेडात डोळ्याला नीट कळत नाही. अंधारात अतिनील दिवा धरला की मात्र लाख स्वतःच बोलते: ती नारिंगी रंगाने चमकू लागते. जिथे थर जाड तिथे चमक दाट, ब्रशचे ओघळ ओघळांच्या आकारात, आणि जिथे लाख पोचलीच नाही तिथे भिंत काळोखी. अवरक्त किरणांचे काम याच्या उलट आहे. जुनी लाख निळा प्रकाश गिळते म्हणून ती आपल्याला तपकिरी दिसते, पण अवरक्त किरण तिच्यातून जवळजवळ विनाअडथळा जातात, त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्याला तपकिरी पडद्यामागची आकृती दिसू शकते. या कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. कार्बन अवरक्त किरण शोषतो, म्हणून काजळीने ओढलेली रेघ ठसठशीत उमटते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पहिले रेखाटन मात्र गेरूने केले, आणि गेरूची रेघ अवरक्त छायाचित्रात फिकी पडते. युरोपातल्या तैलचित्रांवर सहज चालणारी युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही.

रंगद्रव्य ओळखतानाही असाच पेच येतो. हातात धरता येणारे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र भिंतीवर किरण टाकते आणि परत येणाऱ्या किरणांवरून लोह, कॅल्शियम अशी मूलद्रव्ये सांगते. ओरखडा न काढता गेरू कळतो. लाजवर्दापुढे मात्र ते चाचपडते, कारण सोडियमसारख्या हलक्या मूलद्रव्याचे क्षीण किरण हवेतच विरून जातात, आणि ॲल्युमिनियम व सिलिकॉन तर मागच्या मातीतही भरपूर आहेत. तिथे रामन तंत्र उपयोगी पडते. लेसरचा किरण कणावर आदळला की परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग त्या कणातील बंधांच्या कंपनांनुसार आपली तरंगलांबी बदलतो, आणि गंधकाच्या त्या त्रिकुटाची खूण स्पष्ट उमटते. भारताच्या भूमीत जन्मलेल्या सी. व्ही. रामन यांच्या शोधाने अजिंठ्यासारख्या भिंतीवरचा निळा ओळखता यावा, याचे मला फार अप्रूप वाटते. इथेही लाख आड येतेच: लेसर पडला की तीही चमकते आणि तिच्या झगमगाटात रामन संकेत बुडतो. म्हणून अशा ठिकाणी लांब तरंगलांबीचा, अवरक्ताकडे झुकणारा लेसर घ्यावा लागतो.

लेणे क्रमांक ९ आणि १० यांतली सर्वांत जुनी, सातवाहन काळाशी जोडली जाणारी चित्रे या पडद्याखाली फार काळ दिसेनाशी झाली होती. १९९९ पासून मॅनेजर राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामात अवरक्त प्रकाश, सूक्ष्म पायस (इमल्शन) आणि जपानी कागद यांच्या साहाय्याने लाख उतरवली गेली आणि ती चित्रे पुन्हा पाहण्याजोगी झाली. पायसात द्रावकाचे अतिसूक्ष्म थेंब दुसऱ्या द्रवात तरंगत असतात. नुसते द्रावक भिंतीवर लावले तर ते लाखेच्या पार जाऊन बंधकापर्यंत झिरपते. पायसामुळे ते थोडे थोडे आणि वरच्या थरापुरतेच मिळते. मधला पातळ कागद फुगलेली लाख टिपून घेतो आणि उचललेला पापुद्रा जागच्या जागी दाबून धरतो.

यात कसोटीचा क्षण येतो तो कापसाच्या बोळ्याचा. लाखेचा तपकिरी आणि गेरूचा तांबूस हे दोन रंग ओल्या कापसावर डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात, आणि चित्राच्या दृष्टीने त्यांत जीवन-मरणाचे अंतर असते. बोळा अतिनील दिव्याखाली धरला की मात्र ते अंतर उघडे पडते. तो नारिंगी चमकला तर निघते आहे ती लाख आणि काम पुढे चालवता येते. चमक मावळली आणि कापूस तांबूसच राहिला, तर तो गेरू असू शकतो, म्हणून हात तिथेच थांबवायचा.