इमारीत न घडलेली 'इमारी'

निळ्या, लाल आणि सोनेरी नक्षीची जी जपानी भांडी जगभर 'इमारी' म्हणून विकली जातात, ती इमारीत घडलीच नव्हती. क्युशू बेटावरचं इमारी हे बंदर. भट्ट्या होत्या जवळच्या अरितात. माल जिथून जहाजावर चढला, त्या गावाचं नाव त्याला चिकटलं.

या धंद्याच्या मुळाशी एक आक्रमण आहे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोनदा फौजा धाडल्या आणि परतताना त्याच्या सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. त्यांच्यापैकी री साम्पेईला १६१६च्या सुमारास इझुमियामाच्या डोंगरात पोर्सिलेनचा, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना लागणारा, दगड सापडला, असं परंपरा सांगते.

पुढे १६४४मध्ये मिंग राजवट कोसळली. चिनी भट्ट्यांची घडी विस्कटली आणि डच ईस्ट इंडिया कंपनीला माल मिळेना. १६५९मध्ये तिने अरिताला हजारो नगांची मागणी दिली. पेट्या इमारीहून नागासाकीला आणि तिथल्या देजिमा या डच वखारीच्या बेटावरून युरोपकडे रवाना होऊ लागल्या.

निळा रंग झिलईखालचा. लाल आणि सोनेरी मात्र झिलईवर चढवून पुन्हा मंद आचेवर भाजलेले, म्हणून वापरलेल्या बशीवरचं सोनं आधी उडतं. मला स्वतःला अरिताच्याच काकिएमोन या कुंभार घराण्याचं काम अधिक भावतं: दुधट पांढरा पृष्ठभाग, कोपऱ्यात एखादी फांदी, दोन लावे पक्षी, बाकी सगळं मोकळं. जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टसही त्यावर असा भाळला की १७१०मध्ये त्याने सुरू केलेल्या माइसनच्या कारखान्यात पुढे त्याच्या नकला निघाल्या. आणि गंमत म्हणजे चीननेही इमारीची नक्कल करून ती युरोपला विकली!

उसनवारी उलट्या दिशेनेही चाले. अरिताच्या कितीतरी बशांच्या तळाला मिंग सम्राट चेंगहुआचा शिक्का असतो. तो पाहून बशी पंधराव्या शतकातली समजणारा हमखास फसतो. त्यापेक्षा तळावरचे बारीक व्रण शोधावेत. भट्टीत मोठ्या थाळीचं बूड खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे टेकू देत, त्यांचे हे ठसे. चिनी थाळ्यांवर ते सहसा दिसत नाहीत.

'निप्पॉन' हा इंग्रजी शिक्का बराच नंतरचा. आयात मालावर देशाचं नाव हवं, असा अमेरिकी कायदा १८९१पासून लागू झाला म्हणून तो आला. १९२१मध्ये त्याच्या जागी 'जपान' लिहिणं भाग पडलं. म्हणजे असा शिक्का असलेली बरणी १८६८मध्ये संपलेल्या एदो काळातली असूच शकत नाही, विक्रेता काहीही सांगो. आता तर हा शिक्काही बनावट मारलेला मिळतो.