पार्श्वभूमी : बालगृहातलं 'घर' आणि धसका घेतलेली मुलं

आठ-दहा मुलं, एक मावशी, एक स्वयंपाकघर आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकायला एक ठरलेला कोपरा. अशा लहान घरांविषयी सध्या बरंच बोललं जातंय. मार खाल्लेली, टाकून दिलेली, डोळ्यांदेखत आईला जळताना पाहिलेली मुलं मोठ्या बालगृहात सावरत नाहीत, घरासारख्या ठिकाणी सावरतात, हे आता सरकारी कागदांतही येऊ लागलंय. पण 'घरासारखं' म्हणजे काय, यावरचा घोळ जुना आहे आणि त्याची किंमत मुलांनी मोजली आहे.

सुरुवात तशी घरातच झाली. पुण्यात १८६३ साली एका दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय आपल्या राहत्या घरी केली आणि तिथे जन्मलेला एक मुलगा पुढे स्वतः दत्तक घेतला. १८७५मध्ये पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला. १८९६-९७च्या दुष्काळात केडगावला शेकडो मुली-बायकांना आसरा मिळाला. तेव्हा प्रश्न जीव जगवण्याचा होता. मग १९२४चा मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा आला, आणि निराधार मूल व गुन्ह्यात सापडलेलं मूल एकाच दारातून आत जाऊ लागलं. लोकांनी त्या दाराला 'रिमांड' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून १९८६ आणि २००० असे बालन्यायाचे दोन केंद्रीय कायदे येऊन गेले, २०१५चा तिसरा चालू आहे, तरी गावाकडे दंगेखोर पोराला आजही 'रिमांडात टाकीन' हीच धमकी मिळते. आसऱ्याची जागा शिक्षेच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ते आजतागायत पुसलं गेलेलं नाही.

लहान घराची आजची कल्पना मात्र युद्धातून आली. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत घर सुटलेल्या मुलांसाठी दोन बायकांनी पाळणाघरं चालवली. मुलांना खायला-प्यायला, कपडालत्ता, स्वच्छता सगळं होतं. तरी ती बोलायला मागे पडत, अंथरुण ओलं करत. मग या दोघींनी मुलांचे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकच ठरलेली बाई दिली. पहिले काही दिवस आकांत झाला. मुलं 'आपल्या' बाईला चिकटली, दुसऱ्या मुलाला तिच्याजवळ फिरकू देईनात, ती खोलीबाहेर गेली की रडून हैराण. पण त्यानंतर मुलं भराभर बोलू लागली, शी-शूचं वळण लागलं. हा क्रम, म्हणजे आधी आकांत आणि मग वाढ, मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पहिल्या पंधरवड्यातला आकांत बघूनच 'हे मूल इथे रमत नाही' असा शेरा पडतो आणि बदलीचा कागद निघतो.

१९४६मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगेनला युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी गाव वसलं, १९४९मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्टला दुसरं. इम्स्टची मांडणी सोपी होती : एक आई, सख्खी भावंडं भासावीत अशी लहानमोठी मुलं, त्यांचं स्वतंत्र घर, आणि अशा घरांचं मिळून एक गाव. भारतात मसुरीला १९६२पासून तिबेटी निर्वासित मुलांना घराघरांतून पालक-जोडप्यांजवळ ठेवायला सुरुवात झाली, आणि इम्स्टच्या धर्तीवरचं पहिलं गाव १९६४मध्ये फरिदाबादला उभं राहिलं.

महाराष्ट्रात हा विषय पोटात घुसला तो किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची रात्र, पहाटेचे चार वाजायला आले होते. दगड-मातीची माळवदं झोपेतल्या माणसांवर बसली. मृत्यू दहा हजारांच्या घरात गेले. सुमारे १२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला एका मोठ्या निवासी संकुलात आणली गेली, शिकली, नोकरी-धंद्याला लागली. ते काम मोठंच. लातूरला लहान घरांचं, आई असलेलं गावही झालं. या दोन वाटांची तुलना कुणी नीट केली नाही याचं मला वाईट वाटतं. त्या वर्षांत छताखाली न झोपणाऱ्या मुलांबद्दल सगळेच बोलत. माळवदाखाली झोपायला नकार देणारं मूल हट्टी नाही, शहाणं आहे, हे लोकांना पटायला भूकंप लागला. एरवी तेच मूल घरातल्या मारहाणीतून आलेलं असेल, तर फाइलीत 'वर्तन समस्या' लिहिलं जातं.

मराठीत यासाठी 'धसका' हा नेमका शब्द आहे. मुलाने धसका घेतला, असं आजी म्हणते तेव्हा ती मुलाला दोष देत नाही. सरकारी कागदावर मात्र मूल 'प्रवेशित' होतं. धसका घेतलेलं प्रवेशित मूल कसं दिसतं, हे एकदा जवळून पाहिलं. मराठवाड्यातल्या एका लहान घरात मी दोन वर्षं शनिवार-रविवार शिकवायला जात असे. नऊ वर्षांचा एक मुलगा तीन ठिकाणं बदलून तिथे आला होता. रात्री तो चपला उशाखाली घेऊन झोपायचा आणि पोळीचे तुकडे दप्तरात कोंबायचा. दप्तराला मुंग्या लागत. आधीच्या जागी यावरून त्याला मार बसला होता. इथल्या मावशीने त्याला एक झाकणाचा स्टीलचा डबा दिला, त्यावर बाजारात नाव कोरून घेतलं, आणि रोज रात्री त्यात दोन पोळ्या नि गुळाचा खडा ठेवून डबा त्याच्या उशाशी ठेवू लागली. तपासणी नाही, प्रश्न नाही. सकाळी ती डबा घासायला घ्यायची. तीन-साडेतीन महिन्यांनी पोळ्या तशाच उरायला लागल्या. चपला दाराबाहेर जायला त्याला पुढचा पावसाळा लागला. समुपदेशक दर पंधरा दिवसांनी येत आणि त्या मनापासून काम करत, पण रोज रात्री तोच डबा तोच हात ठेवत होता. सावरणं मला तरी तिथे घडताना दिसलं.

हा 'तोच हात' नियमांत कुठे आहे? २००० आणि २०१५च्या कायद्यांखालचे नमुना नियम वाचले तर जागा बारकाईने मोजलेली सापडते : २५ मुलांसाठी १००० चौरस फुटांचं शयनगृह, म्हणजे डोक्यामागे ४० चौरस फूट. समुपदेशनाची खोली १२० चौरस फूट. कर्मचाऱ्यांची पदं आहेत, प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा आहे. एकच काळजीवाहक त्या मुलापाशी किती वर्षं राहिला पाहिजे, याचं माप नाही. करारावर नेमलेली, पाळीपाळीने येणारी, पगार थकला की सोडून जाणारी बाई पंचवीस मुलांची आई होऊ शकत नाही. तिची काही चूक नाही, रचनाच तशी आहे. आणखी एक गोष्ट : वय वाढलं की मुलं-मुली वेगळ्या गृहांत. सुरक्षेसाठी ते समजतं. पण बापाच्या मारापासून धाकट्या बहिणीला पाठीशी घालणारा भाऊ तिच्यापासून तुटतो, तेव्हा त्याच्याजवळ होतं नव्हतं तेवढं कुटुंबही जातं.

२०१५च्या कायद्याने यावर उपाय म्हणून एक संज्ञा आणली. समूहातलं प्रतिपालकत्व (ग्रुप फॉस्टर केअर) : पालकांविना असलेल्या मुलांना वैयक्तिक लक्ष, आपलेपणा आणि ओळख देणारी, कुटुंबासारखी सोय. एका घरात जास्तीत जास्त आठ मुलं. कागदावर ही इम्स्टचीच कल्पना. प्रत्यक्षात गुंता असा, की त्याच कायद्याने मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक जागेला नोंदणी सक्तीची केली. तेही गरजेचंच होतं. २०११मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतल्या गतिमंद मुलींच्या गृहातलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं होतं, आणि पुढे २०१८मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात तेच घडल्याचं बाहेर आलं. पण मग एका आवारात अशी पाच घरं चालवणारी संस्था बालगृह की प्रतिपालक? बालगृह म्हटलं की फलक, हजेरीपट, शयनगृहाचं माप, वयाप्रमाणे वेगळी व्यवस्था. प्रतिपालक म्हटलं की एकेका मुलाचा वेगळा आदेश, मुदत, नूतनीकरण. घर चालवणाऱ्या माणसांचे दिवस या प्रश्नात जात राहिले.

आणि मग २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशभरच्या बालसंगोपन संस्थांत २ लाख २७ हजार ५१८ मुलं होती. त्यांतली १ लाख ४५ हजार ७८८ मुलं वर्षअखेरीपर्यंत घरी किंवा पालकांकडे पाठवली गेल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. संसर्गाच्या भीतीने केलेली ही तात्पुरती सोय समजण्यासारखी होती. पण सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आठ राज्यांना पत्र पाठवलं. त्यात महाराष्ट्रही होता. संस्थांतल्या मुलांना शक्यतो शंभर दिवसांत आपापल्या कुटुंबात परत पाठवा, आणि ज्यांना पाठवता येत नाही त्यांच्यासाठी दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब शोधा, असा त्याचा आशय. या आठ राज्यांत मिळून देशातल्या अशा मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मुलं होती.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. संस्था हा शेवटचा उपाय, मुलाचा पहिला हक्क कुटुंबावर, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय. आपल्या बालगृहांतल्या कितीतरी मुलांना आई किंवा बाप आहे. गरिबी, दुसरं लग्न, ऊसतोड, दारू यापायी ती आली आहेत. आईच्या हातात महिन्याला चार पैसे टाकले तर ती मूल सांभाळेल, हे खरंच आहे, आणि महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना त्याच विचारावर उभी आहे. फक्त त्या वेळी योजनेची रक्कम महिन्याला ४२५ रुपये होती. डिसेंबरमध्ये न्यायालयाने घरी पाठवलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २००० रुपये द्यायला राज्यांना सांगितलं, ते याच पार्श्वभूमीवर.

माझा आक्षेप शंभर दिवसांना आहे. पत्रात 'कुटुंब' हा शब्द पत्त्यासारखा वापरला गेला : मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. ज्या घरातून मूल जीव वाचवून बाहेर आलं, त्याचाही पत्ता हाच असतो. मुलाला जिथून धसका बसला तिथे परत पाठवण्याआधी घरातला मारणारा माणूस अजून तिथेच आहे का, मुलीला झोपायला वेगळी जागा आहे का, शेजारी कोण, हे बघायला परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) चार-पाच फेऱ्या लागतात; एका जिल्ह्यात असे अधिकारी किती, हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. दुसरं म्हणजे, पत्राच्या लेखी पंचवीस मुलांचं शयनगृह आणि आठ मुलांचं घर एकच होतं. दोन्ही 'संस्था'. चार वर्षं एकाच मावशीच्या हाताखाली वाढलेलं मूल 'संस्थेतून कुटुंबात' गेलं असं कागदाने नोंदवलं. मुलाच्या लेखी ते घरातून बाहेर काढलं गेलं होतं.

डबावाला मुलगा टाळेबंदीत काकाकडे गेला, पुढच्या वर्षी परत आला. येताना चपला पिशवीत होत्या आणि पहिल्या रात्री त्या पुन्हा उशाखाली गेल्या. मावशीने माळ्यावरून डबा काढला.

२०२१ नंतर गोष्टी भराभर हलल्या. कोविडने दोन्ही पालक नेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची, केंद्राने दहा लाखांची तरतूद केली. बालसंगोपनाची रक्कम आधी ११०० आणि २०२३मध्ये २२५० रुपये झाली. केंद्राच्या योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणारी महिन्याची मदत, ४००० रुपयांवर गेलं. २०२४च्या सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली आणि प्रतिपालकाला तेच मूल दत्तक घेण्यासाठीची पाच वर्षांची अट दोनवर आणली. पैसा मुलामागे घरी जाऊ लागला, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट. लहान घरांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. मावशीचं मानधन, तिची रजा, तिच्या जागी चार दिवस येणारी ओळखीची दुसरी बाई, तिचं म्हातारपण, यांचा हिशेब अजून बहुतेक देणगीदारांच्या भरवशावर चालतो.

त्या घराच्या मावशी आता साठीला आल्या आहेत. त्यांच्यानंतर कोण, हे ठरलेलं नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज यंदा 'बालगृह' म्हणूनच गेला आहे.