हरले सेनापती, सही एर्झबर्गरची

११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे फ्रान्समधल्या एका जंगलात, रेल्वेच्या डब्यात, जर्मनीच्या वतीने पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीवर पहिली सही झाली ती मॅथियास एर्झबर्गर या खासदाराची. खरं तर सहा आठवड्यांपूर्वीच, २९ सप्टेंबरला, 'ताबडतोब युद्ध थांबवा' म्हणून जनरल लुडेनडॉर्फने हात टेकले होते. पण तहाच्या कागदावर लष्कराने आपलं नाव पुढे येऊ दिलं नाही. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, हॉलंडला निघून गेला आणि निस्तरायचं आलं नव्या प्रजासत्ताकाच्या वाट्याला.

शत्रूचं सैन्य बर्लिनपर्यंत पोचलंच नव्हतं, तर आपण हरलो कसे? वर्षभराने, युद्धातला सरसेनापती हिंडेनबर्गने चौकशी समितीपुढे उत्तर दिलं: सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. (हा वाक्प्रचार आपल्याकडच्या राजकारणातही चांगलाच रुळलेला आहे.) लोकांना हे पटलं, कारण पटवून घ्यायला ते सोपं होतं.

पैशाचं दुखणं तर त्याहून जुनं. करवाढ टाळून सरकारने युद्ध मुख्यतः कर्जरोख्यांवर लढवलं. जिंकल्यावर हरलेल्यांकडून वसूल करू, हा हिशोब. १९१९ मध्ये अर्थमंत्री झालेल्या एर्झबर्गरने श्रीमंतांवर जबर कर बसवले. सहीचा राग होताच, त्यात ही भर. २६ ऑगस्ट १९२१ ला ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेलेला असताना त्याला गोळ्या घातल्या. दहा महिन्यांत परराष्ट्रमंत्री राथेनाऊचाही खून झाला.

जर्मनीने विजेत्यांना द्यायच्या नुकसानभरपाईचा आकडा ठरला होता १३,२०० कोटी सुवर्ण मार्क. लाकूड-कोळशाचे हप्ते थकले, तेव्हा जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा जर्मनीतल्या रूरच्या कोळसापट्ट्यात घुसल्या. कामगारांनी काम बंद केलं आणि त्यांचे पगार सरकारने नोटा छापून भागवले. शेवटी छापखान्यांनाही दम निघेना. हजाराच्या जुन्या नोटेवर लाल शाईत आडवा शिक्का बसला: 'शंभर कोटी मार्क'. १९१४ मध्ये डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. पगार हातात पडला की धावत दुकान गाठायचं, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असे. कर्जबाजारी सुटले, सरकारही सुटलं. बुडाले ते देशासाठी म्हणून रोखे घेतलेले मास्तर, कारकून आणि विधवा.

१५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि बारा शून्यं उडाली. त्याच्या आठवडाभर आधी म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये हिटलरने बंड पुकारलं होतं. दुसऱ्या दिवशी मोर्च्यात त्याच्यासोबत चालत होता तोच जनरल लुडेनडॉर्फ. खटल्यात हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. लुडेनडॉर्फ निर्दोष सुटला.