काँक्रीटच्या आतला रेनकोट

कोरड्या काँक्रीटवर पाण्याचा थेंब टाका. थोड्या वेळाने तिथे नुसता काळपट डाग उरतो. पाणी उडून गेलेलं नसतं, आत मुरलेलं असतं. दिसायला दगड असला तरी काँक्रीटच्या पोटात बारीक छिद्रांचं जाळं असतं आणि वातीने तेल ओढावं तसं ते पाणी ओढतं.

नुसतं पाणी एक वेळ चाललं असतं; घात होतो त्यातल्या मिठाने. समुद्राचे तुषार असोत, की बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं आणि दर फेरीला साठा वाढतो. म्हणूनच कायम बुडालेल्या भागापेक्षा लाटांचे शिंतोडे उडतात तो भाग आधी खराब होतो. काँक्रीटचा पीएच १२ ते १३, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी; त्यामुळे आतल्या लोखंडी सळीवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकून असतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं आणि सळी गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा लागते. मग काँक्रीट आतून तडकतं आणि पोपडे निघतात.

हे पाणी अडवायला सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा लेप मारतात. तो रंगासारखा वर बसत नाही. त्याचे लहानसे रेणू काही मिलिमीटर आत झिरपतात, ओलाव्याशी क्रिया होऊन छिद्रांच्या भिंतींना रासायनिक बंधाने चिकटतात आणि पाण्याशी न पटणारी हायड्रोकार्बनची शेपटी मोकळी ठेवतात. छिद्र बुजत नाही, पण पाणी ओढणारी नळी आता पाणी ढकलू लागते. वाफेला मात्र वाट मोकळी असते.

लेपानंतर अळवावरच्या पाण्यासारखे मोती दिसतात. त्यांच्यावर फार विसंबू नये. उन्हापावसाने ते दिसेनासे होतात, तरी आतला लेप काम करत असतो. उलट ओल्या काँक्रीटवर घाईने मारलेला लेप मोती झकास दाखवतो, पण खोल गेलेलाच नसतो. खात्री हवी तर छोटा नमुना काढून उभा फोडतात आणि त्यावर पाणी शिंपडतात. खालचा भाग गडद होतो, वरची कड फिकट राहते. त्या कडेला मोजपट्टी लावली की लेप किती मुरला ते कळतं.

रुंद भेगा हा लेप सांधत नाही, दाबाने येणारं पाणीही अडवत नाही. मीठ आधीच सळीपाशी पोचलं असेल, तर ते बाहेर काढणं त्याच्या हातात नसतं.