ऑपरेशनचा कोड आधी विचारा: आयुष्मान–आरोग्य कर्नाटकची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

दवाखान्याच्या काउंटरवर आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती, आणि आयुष्मानचं कार्ड चालतंय काय? या दोन्हींचं उत्तर उपचाराच्या कोडमध्ये, म्हणजे यादीत त्या उपचाराला दिलेल्या खुणेत असतं, आणि तो कोड कुणी विचारत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला पेशंट घेऊन निघण्याआधी हा कोड आणि त्याचा गट कळला, तर निम्मी धावपळ वाचते. आधी सरकारी दवाखान्यात जायचं की थेट खाजगी, कागद कुठले लागणार, सरकार किती पैसे देणार, सगळं त्यावरून ठरतं.

अपेंडिक्सचं उदाहरण घ्या. इथं रोगाचा कोड वेगळा आणि ऑपरेशनचा वेगळा. अचानक सुजलेल्या अपेंडिक्सला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत के३५ हा कोड आहे. पण तेवढ्यावरून ऑपरेशन कसं केलं ते कळत नाही. त्यासाठी अमेरिकेत आयसीडी-१०-पीसीएस ही सात खुणांची पद्धत वापरतात. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तर तिथं लिहितात ०-डी-टी-जे-४-झेड-झेड. शून्य म्हणजे शस्त्रक्रियेचा विभाग, डी म्हणजे पचनसंस्था, टी म्हणजे अवयव पूर्ण काढणं, जे म्हणजे अपेंडिक्स, ४ म्हणजे दुर्बीण. पोट उघडून काढलं तर ४ च्या जागी ० येतो, बाकी सगळं तसंच. ओ आणि आय ही अक्षरं या पद्धतीत मुद्दाम घेतलेली नाहीत, शून्य आणि एक यांच्याशी गल्लत नको म्हणून. विम्याचा फॉर्म भरताना त्या शून्याला ओ करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं उपचारांसाठी आयसीएचआय नावाची स्वतःची पद्धतही तयार केली आहे. तिच्यात प्रत्येक कोडचे तीन भाग असतात: कशावर उपचार, काय केलं, कोणत्या मार्गानं केलं.

आयुष्मान भारत या केंद्राच्या योजनेचं पॅकेज, म्हणजे एका उपचाराचा ठरवून दिलेला एकत्र दर, मात्र वेगळ्या कोडवर चालतं. केंद्राच्या यादीत पहिली दोन अक्षरं शाखा सांगतात. एसई म्हणजे डोळे, एसबी म्हणजे हाडं, एमसी म्हणजे हृदय. मोतीबिंदूचं बघा. घडी होणारी लेन्स घालून फेको (यंत्रानं मोतीबिंदू फोडून काढायच्या) पद्धतीनं केलेलं ऑपरेशन एसई०२०ए, आणि छोटी चीर देऊन घडी न होणारी लेन्स बसवलेलं एसई०२०बी. शेवटच्या एका अक्षरात लेन्स बदलते, दरही बदलतो. त्यामुळे मंजुरी ए ची आणि वर लेन्सचे वेगळे पैसे अशी मागणी झाली, तर मंजुरीचा कागद दाखवा म्हणून सांगा. घडीची लेन्स त्या कोडमध्येच धरलेली असते.

आता आपल्या राज्याचं. आरोग्य कर्नाटक ही राज्याची योजना मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आयुष्मान भारतमध्ये मिसळली. कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे आहे. मूळ यादीत १६५० उपचार होते आणि त्यांचे गट पाडले होते. २ए म्हणजे साधे दुय्यम उपचार, हे सरकारी दवाखान्यातच करायचे. २बी म्हणजे गुंतागुंतीचे दुय्यम आणि ३ए म्हणजे मोठे, तृतीय स्तराचे. हे दोन्हीही आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचे आणि तिथं सोय नसेल तरच रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घेऊन खाजगीत जायचं. ४ए म्हणजे तातडीचे १६९ उपचार, त्यांना रेफरल लागत नाही. यादी आणि दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आपला उपचार आज कोणत्या गटात आहे ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून त्याच दिवशी तपासून घ्या.

लोकांचा गोंधळ होतो तो इथंच. हायवेवर अपघात झाला, छातीत कळ येऊन माणूस कोसळला, तर गाडी सरळ योजनेतल्या जवळच्या दवाखान्यात न्यावी. त्यावेळी रेफरलसाठी सिव्हिलला वळवण्यात वेळ घालवू नये. पण बायपास करायचं ठरलंय, तारीख पुढच्या महिन्यातली आहे, पेशंट चालता-बोलता आहे, अशा वेळी "ओळखीचे डॉक्टर आहेत" म्हणून थेट खाजगीत दाखल झालात तर कार्ड असून उपयोग नाही. रेफरल नसेल तर मंजुरी अडते. शिवाय योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल पाठवू, हा हिशोब इथं धरू नये.

रेफरलसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका दवाखान्यापासून सुरुवात करा. मोठ्या उपचाराला बेळगावात बिम्स म्हणजे आपलं सिव्हिल, कारवारकडच्यांना क्रिम्स, बिदरकडच्यांना ब्रिम्स. डॉक्टर तपासतात, सोय तिथं आहे का बघतात, नसेल तर ऑनलाइन रेफरल करतात. चिठ्ठीवर रोगाचं नाव आणि उपचार नीट लिहिलाय का, ते तिथंच उभ्या उभ्या बघा. नुसतं 'पुढील उपचारासाठी' असं लिहिलेलं असेल तर कोणता उपचार ते घालून मागा. चिठ्ठीत एक आणि खाजगी दवाखान्याच्या प्रस्तावात भलतंच असलं की ट्रस्टकडून शंका निघते आणि पेशंट खाटेवर वाट बघत राहतो.

पात्रता सरळ आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालचं बीपीएल किंवा अंत्योदय रेशन कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. एपीएल कार्ड असेल किंवा कार्डच नसेल तर पॅकेज दराच्या ३० टक्के, आणि कुटुंबाला वर्षाची मर्यादा दीड लाख. हे ३० टक्के दवाखान्याच्या बिलावर मोजत नाहीत. समजा पॅकेजचा दर १ लाख आहे, तर योजनेतून ३० हजार येणार, बिलावरचा आकडा काहीही असो. म्हणून एपीएलवाल्यांनी तर दाखल होण्याआधी कोड आणि पॅकेज दर दोन्ही लिहून घ्यावेत. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया होणार असतील तर आयुष्मानचा नियम असा: सगळ्यात महागडीला पूर्ण दर, दुसरीला निम्मा, तिसरीला पाव. एपीएलवाल्यांचा अंदाज इथंच हमखास चुकतो.

कागदपत्रांत आधार आणि रेशन कार्ड हे मुख्य. मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या. आयुष्मान कार्ड ग्राम वन किंवा बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रांत काढता येतं, पण ते हातात नाही म्हणून दाखल व्हायचं थांबू नका. सोबत रेफरल चिठ्ठी, आधीचे रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म आणि जुनं डिस्चार्ज कार्ड.

खरी अडचण नावांची असते आणि मराठी घरांत ती जरा जास्तच. आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, रेशन कार्डावर कानडीत वेगळंच. लक्ष्मीचं स्पेलिंग एकीकडे 'एक्स' घालून, दुसरीकडे 'केएसएच' घालून. आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये, रेशन कार्डावर ते गायब. त्यात सून लग्न होऊन आली की तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होत नाही आणि सासरच्या कार्डात चढत नाही. अन्न सुरक्षा कायद्यानुसार कार्डावर कुटुंबप्रमुख घरातली मोठी बाई असते, त्यामुळे सासूच्या कार्डात सुनेचं नाव आहे की नाही हे बाळंतपणाच्या आधी बघावं, दवाखान्यात गेल्यावर नव्हे. या दुरुस्तीला दिवस जातात, आणि पोटात दुखायला लागल्यावर कुणाला दिवस मिळत नाहीत.

उपचार बदलला की कागदही बदलतात. प्रत्येक पॅकेजला मंजुरीसाठी आणि नंतर पैसे मिळण्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी ठरलेली असते. कशाला सोनोग्राफी, कशाला अँजिओग्राम, तर सांध्यात किंवा डोळ्यात काही बसवलं तर त्या वस्तूचा स्टिकर. हे जमवणं दवाखान्याचं काम आहे, पण जुने रिपोर्ट आपल्याजवळच असतात, म्हणून फाइल एका जागी ठेवा. ऑपरेशन टेबलावर डॉक्टरांना ठरल्यापेक्षा वेगळं करावं लागलं, तर कोड बदलून घेतलाय का ते डिस्चार्जच्या आधी विचारा. घरी सोडताना औषधंही मागून घ्या. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात.

खाजगी विमा असलेल्यांना हे कोड दुसऱ्या बाजूनं भेटतात. क्लेम फॉर्मचा भाग ब दवाखाना भरतो. त्यात आयसीडी-१० आणि आयसीडी-१०-पीसीएस असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात रोग, दुसऱ्यात प्रक्रिया. दुसरा रकाना रिकामा ठेवून फॉर्म सही-शिक्क्यासह हातात दिला जातो, तो तसा घेऊ नका. सहकारी सोसायटीतून यशस्विनी ही आरोग्य योजना घेतलेल्यांची दवाखान्यांची आणि उपचारांची यादी वेगळी असते. आयुष्मानचा कोड तिथं चालेल असं धरू नका.

राहिलं महाराष्ट्राचं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आणि कर्नाटक सरकारनं तिला हरकत घेतली. राजकारण चालूच राहील. कोल्हापूर किंवा मिरजेला जायचा विचार असेल तर तिथल्या दवाखान्याला फोन करून आपल्या गावाचं नाव सांगा आणि कोणते कागद मागतात ते विचारून निघा. त्या योजनेची उपचारांची यादी स्वतंत्र आहे. बेळगावात मिळालेली मंजुरी तिकडे चालत नाही, तिथं नव्यानं प्रस्ताव जातो. कर्नाटकातल्या योजनेबद्दल विचारायला १०४ आणि आयुष्मानसाठी १४५५५. फोन लावताना रेशन कार्ड हाताशी असू द्या, आणि उपचाराचा कोड कळला असेल तर तोच पहिल्यांदा सांगा.